म्हैस सेंटरला आली

आर्ट कॉलेजला ॲडमिशन घेतली तेव्हा मला वाटलेलं, इथे चित्रं काढायची असतात. एलिमेंटरीला ए, इंटरमिजिएटला ए, गल्लीतल्या मंडळाचा गणपतीतला फलक दरवर्षी माझ्याच हातचा, त्यामुळे आता तेच फक्त जरा मोठ्या कागदावर, एवढाच काय तो फरक. तर काढायला लागतात चित्रं, नाही असं नाही. पण काढायच्या आधी काय काढणार ते सांगायचं, काढताना का काढतोय ते सांगायचं आणि काढून झाल्यावर चार जण समोर उभे राहून ते कसं काढायला नको होतं हे सांगतात ते ऐकायचं. यात प्रत्यक्ष ब्रश हातात असायचा टाइम काढला तर आठवड्याला एखादी दुपार भरेल.

दुसऱ्या वर्षाला कंपोझिशनचा विषय आला ‘शहरातली सकाळ’. हाफ इम्पिरियल कागद, म्हणजे 15 बाय 22 इंच, पोस्टर कलर, तीन आठवडे. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, रंकाळा कुणीही काढायचा नाही. कोल्हापुरात बसून रंकाळा नाही काढायचा म्हणजे निम्मा वर्ग तिथेच गार झाला, पण सरांचंही चुकीचं नव्हतं, अबालाल रहमान असा काही रंकाळा काढून ठेवून गेलेत की त्यानंतर आम्ही काढतो ते नुसतं पाणी असतं. मग मी ठरवलं, दूध कट्टा. गंगावेशीत म्हशी उभ्या असतात, गवळी तुमच्यासमोर धार काढतो आणि फेसासकट ग्लास हातात देतो, गिऱ्हाईक उभ्या उभ्या पितं आणि मिशीला पांढरी कड लागते. विषय एकदम आपला. घरापासून चालत दहा मिनिटं.

सर म्हणाले, आधी 25 थंबनेल दाखव.

थंबनेल म्हणजे काडेपेटीएवढ्या चौकटी आखून त्यात अख्खं चित्र बसवून बघायचं. पहिली पाच मजेत होतात. दहाव्यापर्यंत ओढूनताणून नेता येतं. त्यानंतर माणूस चोऱ्या करायला लागतो, तीच म्हैस आरशात बघितल्यासारखी उलटी काढायची, मग उभ्या चौकटीत, मग फक्त शिंगं, आणि तेविसाव्यात मी चक्क वरून दिसणारी म्हैस काढली जी कुणालाही बटाटा वाटली असती आणि वाटलीच. सरांनी माझ्या डाँकीवर, म्हणजे चित्र काढायच्या बाकावर, बसून सगळी बघितली, डोळे बारीक करून बघितली, वही लांब धरून बघितली आणि म्हणाले, “ते पहिलंच बरं होतं.”

पण पहिल्यात म्हैस सेंटरला आली होती. आमच्याकडे सेंटरला येणं हा गुन्हा आहे. सरांनी खिशातली 6बी पेन्सिल काढली आणि माझ्या लेआउटवरच म्हैस डावीकडे सरकवली, हे झालं करेक्शन. दोन दिवसांनी मॅडमचा तास होता, त्या म्हणाल्या डावीकडे फार वजन झालंय रे, उजवीकडे घे. घेतली. पुढच्या आठवड्यात दुसरे एक सर आले आणि त्यांनी विचारलं, ही म्हैस कागदाच्या बाहेर का चाललीय? खरी म्हैस असती तर एवढ्या हेलपाट्यात आटली असती. रबर फिरवून फिरवून कागदाची लव वर आली, तेव्हा मी ती कुणाला न विचारता सेंटरच्या बोटभर उजवीकडे ठेवली आणि तीन दिवस सगळ्यांना चुकवत फिरलो.

उशीर का होतोय म्हणून सरांनी गाठलंच एकदा कॉरिडॉरमध्ये. मी म्हटलं, सर, चित्रकार गायतोंडे वर्षाला पाच-सहाच चित्रं करायचे. सर म्हणाले, “हो, पण ते ती पूर्ण करायचे.” घरीही तेच. बाबा म्हणाले, याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि तुझी तीन आठवड्यांत एक म्हैस होईना!

मग आला रंग, आणि खरा घोटाळा तिथे झाला. आमच्या वर्गात पॅलेटवर काळा रंग ठेवायला बंदी. काळ्याने चित्र मरतं, गडद हवं असेल तर मिसळून करा. आता बाकीच्यांनी सकाळ म्हणून एसटी स्टँड काढलेला, भाजी मंडई काढलेली, त्यांना काय. माझा विषयच काळा होता. विचारलं तर सर म्हणाले, “म्हैस काळी नसतेच, तुला ती काळी आहे असं माहीत असतं, नीट बघ.” म्हणून अल्ट्रामरीन ब्लूमध्ये बर्न्ट सिएना घालून मी रात्री एक वाजेपर्यंत प्लेटमध्ये म्हैस घोटत बसलो. ओली होती तोवर काय दिसत होती म्हणून सांगू, चकाकती, तुपाचा हात फिरवल्यासारखी. पण पोस्टर कलरचा गडद रंग वाळला की फिका पडतो हे मी सालाबादप्रमाणे विसरलो. सकाळी उठून बघतो तर पाठ वांग्याच्या रंगाची आणि पोट राखाडी. आई चहा घेऊन आली, बघितलं, काही बोलली नाही. आई बोलत नाही तेव्हा समजायचं.

त्या आठवड्यात डिस्कशन होतं. म्हणजे सगळ्यांची चित्रं भिंतीला लावायची आणि वर्गाने एकमेकांच्या कामाबद्दल बोलायचं. पहिली पाच मिनिटं सुतकात बसल्यासारखी जातात, मग कुणीतरी “रंग छान आहेत” म्हणतं आणि सर म्हणतात “म्हणजे काय?” आणि ते पोर वर्षभर परत बोलत नाही. आमच्यातली पहिल्या नंबरची मुलगी मात्र “हे थोडं डेकोरेटिव्ह होतंय का?” एवढंच विचारते आणि समोरचा आठवडाभर जेवत नाही. म्हणून मी आणि माझ्या मित्राने सेटिंग लावलेलं, मी त्याच्या मंडईला ‘रिदम आहे’ म्हणायचं आणि त्याने माझ्या म्हशीला ‘स्पेस चांगली हाताळलीय’ म्हणायचं. मी माझं काम केलं. हा पठ्ठ्या मागे उभा राहून मोबाइल बघत होता, सरांनी अचानक नाव घेतल्यावर समोर दिसेल तिकडे बघून म्हणाला, “सर, यात स्पेस चांगली हाताळलीय.” समोर चित्रच नव्हतं. कोरा कागद लावलेला बोर्ड होता, तो मुलगा आजारी होता. सर बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बरोबर आहे. आज इथलं सगळ्यात संयमित काम हेच.”

माझ्या म्हशीची पाळी येईपर्यंत तास संपला.

त्या संध्याकाळी मी चित्र घेऊन थेट कट्ट्यावरच गेलो. ज्या मामांच्या म्हशीचं स्केच केलं होतं ते धार काढत बसलेले. मी बोर्ड समोर धरला. त्यांनी डोळे बारीक केले नाहीत, मान तिरकी केली नाही, हात पुसले आणि बघितलं.

“आजारी हाय व्हय ही?”

मी त्यांना सांगितलं की मामा, म्हैस काळी नसते, तिच्यावर आभाळाचा निळा पडतो. मामांनी शेजारी उभ्या असलेल्या काळ्याकुट्ट म्हशीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विषय सोडून दिला. मोठा माणूस. मग बोटाने कास दाखवली, म्हणाले ही लई म्होरं आलीया, मागच्या पायाकडं सरकव. मग म्हणाले, “आनि रेडकू कुठाय?”

“कुठलं रेडकू?”

“आरं बाळा, रेडकू म्होरं नसंल तर ती पान्हावंल कशी? अन् पान्हावली न्हाई तर ह्या ग्लासात काय पडतंय, पानी?”

तीन आठवडे, 25 थंबनेल, दोन सर, एक मॅडम आणि अख्खा वर्ग, कुणालाच दिसलं नव्हतं की चित्रातल्या ग्लासात दूध यायची काही सोयच नाही. रात्री बसून म्हशीच्या तोंडापुढे, उजवीकडच्या रिकाम्या जागेत, दाव्याला बांधलेलं रेडकू काढलं. आणि खरं सांगतो, त्याच्या नाकपुडीला आणि म्हशीच्या डोळ्याला बाबांच्या ऑफिसातल्या शाईचा काळा टिपका दिला. कुणाला कळलं नाही.

ज्युरीला बाहेरून आलेले एक सर होते, खादीचा झब्बा, चष्मा कपाळावर. मी पाठ करून गेलेलो, टेन्शन, डायगोनल, निगेटिव्ह स्पेस, वॉर्म आणि कूल, सगळं. ते चित्राच्या जवळ गेले, लांब गेले, परत जवळ आले आणि बोट ठेवलं नेमकं रेडकावर. “हा छोटा फॉर्म इथे कशासाठी आणलाय?”

आणि माझ्या तोंडातून गेलं, “सर, पान्हा फुटायला.”

मागे कुणीतरी खोकलं. आमचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेरच्या सरांनी चष्मा डोळ्यावर घेतला, पुन्हा एकदा चित्र बघितलं, काहीतरी लिहिलं आणि पुढच्या बोर्डाकडे गेले.

61 मार्क पडले. शेरा होता: छोटा फॉर्म डावीकडे घेतला असता तर बॅलन्स साधला असता.

दुसऱ्या दिवशी मामांना सांगितलं. ते धार काढायचे थांबले नाहीत.

“डावीकडं मी बसलोय न्हवं? मग मी कुठं जाऊ?”