‘सहा महिने नुसती गाणी, वहीत एक ओळ नाही’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

दोन तारे दिलेला तुमचा अभिप्राय वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. मुलगा सहा महिने आमच्या फ्रेंच वर्गाच्या शनिवारच्या छोट्या गटात येतो. गाणी म्हणतो, खेळतो, खुशीत घरी येतो, पण वही कोरी. पाहुण्यांसमोर ‘खुर्चीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते सांग’ म्हटलं की गप्प. हीच गाणी यूट्यूबवर फुकट मिळतात. शिकवणाऱ्या ताई फ्रेंच नाहीत. आणि सर्दीमुळे बुडलेला एक वर्ग भरून दिला नाही. फी मात्र पूर्ण घेतली.

तुमचा मुलगा वर्गात काय बोलतो, काय करतो, यातलं काहीही मी इथे लिहिणार नाही. पाच वर्षांच्या मुलाचं प्रगतिपुस्तक चारचौघांत उघडणं मला पटत नाही. ते समोर बसून सविस्तर सांगेन. इथे जे लिहिते ते वर्गाबद्दल.

वही कोरी आहे ती ठरवून. चार ते सात वर्षांच्या गटात आम्ही फ्रेंच लिहिलेला कागद मुलांच्या हातात देत नाही, आणि हे प्रवेशाच्या वेळी दिलेल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं आहे. कारण साधं आहे. या वयाचं पुण्यातलं मूल एकीकडे बाराखडी गिरवत असतं, दुसरीकडे इंग्रजी स्पेलिंगशी झटत असतं. त्यात त्याच रोमन अक्षरांचे तिसरे उच्चार त्याच्या डोक्यावर आदळायचे? फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचं व्यंजन बहुतेक वेळा लिहायचं असतं, बोलायचं नसतं. लहान या अर्थाचा ‘प्ती’ हा शब्द आधी कागदावर दिसला, की मूल ‘पेटिट’ वाचतं आणि ते ‘पेटिट’ पुढे कितीतरी दिवस जिभेवरून उतरत नाही. पक्षी म्हणजे ‘वाझो’. त्याच्या स्पेलिंगमध्ये ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर आहेत आणि एकही आपल्या ओळखीच्या उच्चाराला जागत नाही. भरीला जी या अक्षराचं नाव ‘झे’ आणि जेचं ‘झी’. इथे मोठ्यांचीही त्रेधा उडते.

उलट्या क्रमानं शिकलेले विद्यार्थी मी भरपूर पाहिलेत. गुण चांगले पडतात म्हणून अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेली मुलं क्रियापदांची रूपं खडाखडा लिहितात, आणि समोरच्यानं फ्रेंचमध्ये नाव विचारलं तर मदतीसाठी शेजारच्याकडे बघतात. त्यांचा दोष नाही. त्यांना भाषा ऐकायलाच मिळाली नाही.

आता ‘नुसते खेळ’. तुम्ही अभिप्रायात ‘लांडगा-लांडगा खेळतात’ असं लिहिलंय, म्हणून तोच खेळ सांगते. फ्रान्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या खेळला जाणारा हा खेळ आहे. एक मूल लांडगा होऊन पडद्यामागे बसतं. बाकीची गोल फिरत गातात, की लांडगा नाही तोवर रानात हिंडून घेऊ. मग थांबून ओरडतात, ‘लू, इ ए त्यू?’ लांडग्या, आहेस का तिथे? आतून उत्तर येतं, ‘झ मे मा शमीज,’ मी शर्ट घालतोय. पुन्हा फेरी, पुन्हा प्रश्न, मग पँट, मग मोजे. आमच्याकडे लांडग्याला शेवटी माकडटोपी घालावी लागते. सगळा साज चढला की तो ‘झारीव्ह!’ म्हणजे ‘आलो!’ असं किंचाळत बाहेर येतो आणि सतरंजीवर पळापळ होते.

बाहेरून बघणाऱ्याला दंगाच दिसणार. पण पडद्यामागे काय चाललंय ते बघा. शर्ट स्त्रीलिंगी, म्हणून ‘मा शमीज’. पँट पुल्लिंगी, म्हणून ‘मों पांतालों’. मोजे दोन, म्हणून ‘मे शोसेत’. ‘माझा-माझी-माझे’चा हा तक्ता पुस्तकात एक पान खातो आणि पाठ करणाऱ्याचा जीव खातो. लांडगा झालेलं मूल चुकून ‘मों शमीज’ म्हणालं, तर ताई त्याला थांबवत नाहीत, ‘चूक!’ म्हणत नाहीत. त्या पडद्याकडे बघून म्हणतात, ‘आ, त्यू मे ता शमीज!’ असं होय, तू तुझा शर्ट घालतोयस! बरोबर रूप कानावर पडलं आणि खेळही थांबला नाही. आणि गाण्यातली ती ओळ, ‘सी ल लू इ एते, इल नू मांझ्रे’, म्हणजे लांडगा असता तर त्यानं आपल्याला खाल्लं असतं. हे जर-तरचं वाक्य आहे. मोठ्यांच्या अभ्यासक्रमात त्याची गाठ साधारणपणे बी-1 या मधल्या पातळीला पडते. पाच वर्षांची मुलं ते सुरात म्हणतात. त्यांना व्याकरण कळलंय असं मी मुळीच म्हणत नाही. पण पुढे वर्गात ते फळ्यावर येईल तेव्हा ते ओळखीचं असेल, हा फायदा लहान नाही.

पाहुण्यांसमोरच्या गप्प बसण्याबद्दल. खुर्चीचा शब्द कितीतरी मुलांना येत असतो. खेळात ताई ‘शेझ’ म्हणाल्या, की तीच मुलं धावत जाऊन खुर्ची पकडतात. आपला ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ आहे ना, फ्रान्समध्ये तोच ‘ज्याक आ दी’ म्हणजे ‘ज्याक म्हणाला’ या नावानं खेळतात, आणि आमच्याकडे पहिल्या महिन्यापासून चालतो. ऐकायचं आणि हालचाल करायची, बोलायची सक्ती नाही. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात याच तत्त्वावर भाषा शिकवण्याची एक अख्खी पद्धत मांडली. आधी समज येते, बोलणं मागाहून. काही मुलं दोन महिन्यांत तोंड उघडतात, काही वर्षभर फक्त ऐकतात आणि मग एकदम पूर्ण वाक्य टाकतात. सोफ्यावर बसलेल्या काका-मावशींसमोर मराठी शब्दाचं फ्रेंच भाषांतर करून दाखवणं ही निराळीच परीक्षा आहे. ती आम्ही शिकवत नाही, आणि खरं सांगायचं तर शिकवणारही नाही. घरी बघायचंच असेल तर मुलाला सांगा, तो लांडग्याचा खेळ आम्हाला शिकव. आणि लांडगा तुम्ही व्हा.

‘मातृभाषेसारखं आपोआप येतं’ अशी जाहिरात मी करत नाही, आणि कुणी केली तर विश्वास ठेवू नका. मराठी मुलाच्या कानावर दिवसभर पडते. आमचं फ्रेंच आठवड्यातून एकदा, दीड तास. एवढ्या तुटपुंज्या वेळात सगळी मदार उजळणीवर असते, आणि पाच वर्षांच्या मुलाला ‘चल, उजळणी कर’ म्हणून बसवता येत नाही. गाणं मात्र ते आंघोळीला म्हणतं, रिक्षात म्हणतं, तुम्ही ‘पुरे आता’ म्हणेपर्यंत म्हणतं. वर्गात गाणी असण्याचं मुख्य कारण हे आहे. मौजमजा हा वरचा फायदा. बोर्डीला ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बालवाडी सुरू केली, पुढे तिथे आणि कोसबाडला अनुताई वाघांनी आयुष्य घातलं. गाणी, गोष्टी, खेळ म्हणजे अभ्यास बुडवणं नव्हे, हे महाराष्ट्राला त्यांच्यापासून ठाऊक आहे. फ्रेंच म्हटल्यावर ते का विसरलं जातं, कोण जाणे.

गोष्टींबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण वर्गाचा माझा सर्वांत आवडता भाग तोच, म्हणून दोन शब्द. फ्रान्समधल्या बालशाळांत ‘कामिशिबाई’ ही जपानी पद्धत खूप रुळली आहे. लाकडी चौकटीत चित्रं एकामागून एक सरकवत गोष्ट सांगायची. आम्ही त्या चौकटीत म्हातारी आणि भोपळा बसवलाय. पुढे काय होणार हे आपल्या मुलांना पाठ असतं. वाघ आडवा येणार, म्हातारी त्याला लेकीकडून धष्टपुष्ट होऊन येण्याचं आमिष दाखवणार. त्यामुळे सगळी गोष्ट फ्रेंचमध्ये चालली तरी कुणी हरवत नाही. ‘झ व्हे शे मा फीय,’ मी माझ्या लेकीकडे जाते, ‘झ व्हे मांझे,’ मी खाणार, ‘झ व्हे ग्रोसीर,’ मी जाड होणार. भविष्यकाळाचं रोजच्या बोलण्यातलं रूप हेच. प्रत्येक प्राण्यापाशी म्हातारी तेच बोलते आणि तिसऱ्या प्राण्यापर्यंत अख्खा वर्ग तिच्या आधीच बोलून मोकळा होतो.

यूट्यूबवर गाणी आहेत आणि चांगलीही आहेत. घरी ऐकण्यासाठी आम्हीच पालकांना यादी पाठवतो. पण पडद्यावरचा लांडगा तुमचं मूल गप्प राहिलं म्हणून थांबत नाही, चुकीचं बोललं तर बरोबर रूप परत ऐकवत नाही. मुलं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या, अमेरिकेतल्या सिएटलच्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2003 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. अमेरिकन तान्ह्या बाळांना चिनी भाषा काहींना समोर बसून ऐकवली, काहींना व्हिडिओवर. समोर ऐकणाऱ्या बाळांना चिनी ध्वनींमधला फरक कळू लागला, व्हिडिओवाल्यांना नाही. तो प्रयोग बाळांवरचा आहे, पाच वर्षांच्या मुलाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी दिशा कळते.

ताई फ्रेंच नाहीत, हे खरं आहे. दोघीही पुण्यातच फ्रेंच शिकल्या, पुढच्या पातळ्यांच्या परीक्षा दिल्या आणि मुलांना शिकवण्याचं वेगळं प्रशिक्षण घेतलं. फ्रेंच मातृभाषा असलेल्यांचे आवाज मुलांना ध्वनिमुद्रणातून दर आठवड्याला ऐकवतो, आणि तेही फक्त पॅरिसचे नाहीत. कॅनडातल्या माँट्रियलचे आणि आफ्रिकेतल्या डाकारचेही आहेत. सत्तरला फ्रान्समध्ये ‘साठ-दहा’ म्हणतात, बेल्जियममध्ये सरळ ‘सेप्तांत’. मग अस्सल फ्रेंच माणूस कोणता आणायचा, हे तुम्हीच सांगा. या वयाच्या दहा मुलांना सतरंजीवर दीड तास गुंतवून ठेवणं हे स्वतंत्र कसब आहे, ते पासपोर्टबरोबर मिळत नाही.

पाचवी-सहावीला शाळेत फ्रेंच सुरू होईल तेव्हा याचा काय उपयोग, असंही तुम्ही विचारलंय. आठव्या वर्षापासून मोठ्या गटात वही येते, स्पेलिंग येतं, शब्दांचे ढीग येतात. तिथून ज्यांना हवं ती मुलं ‘डेल्फ प्रिम’ ही लहान मुलांसाठीची परीक्षा देतात. तिचं प्रमाणपत्र फ्रान्सचं शिक्षण मंत्रालय देतं. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकाला 25 गुण, उत्तीर्ण व्हायला 100 पैकी 50, आणि कुठल्याही एका भागात 5 च्या खाली गेलात तर नापास. म्हणजे निम्मे गुण कानाचे आणि जिभेचे. शाळेच्या चाचणीत मात्र बहुधा रिकाम्या जागा भरा आणि रूपं लिहा असतं, आणि फक्त तेवढंच हवं असेल तर आमचा छोटा गट तुमच्यासाठी नाही. हे रागानं लिहीत नाही. त्यासाठी शिकवण्या घेणारे चांगले लोक पुण्यात आहेत, तुमचा मुलगा तिसरी-चौथीत गेला की तिकडे घाला.

बुडलेल्या वर्गाचं असं आहे, की दहा जणांचा खेळ एकट्या मुलाला घेऊन भरून देता येत नाही. त्या शनिवारचं गाणं आणि गोष्टीचं ध्वनिमुद्रण पालकांच्या गटावर त्याच संध्याकाळी पाठवलं होतं. नियम फॉर्मवर आहे, सर्वांना सारखा आहे.

पुढचं सत्र नको असेल तर त्याची आगाऊ भरलेली फी पूर्ण परत मिळेल, कारण विचारणार नाही. पण त्याआधी एका शनिवारी येऊन मागच्या भिंतीपाशी बसा. पालकांना आम्ही महिन्यातून एकदा तसं बसू देतोच. अट दोनच. मोबाइल बंद, आणि मुलाला मागून ‘सांग ना, येतंय ना तुला!’ असं म्हणायचं नाही. यायचं की फी परत घ्यायची, ते वर्गाच्या नंबरवर मेसेज करून कळवा. शनिवारी सकाळी फोन करू नका, तेव्हा मी बहुधा पडद्यामागे माकडटोपी शोधत असते.