मिरवणूक खांद्यावर असते तेव्हा

इंग्लंडात राहून मला पंधरा वर्षं झाली, पण शुक्रवार पेठेतल्या आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मी काही बाहेर पडलेलो नाही. तिथं दरवर्षी विसर्जनानंतर तेच भांडण. एक गट म्हणतो, तीस-तीस तास मिरवणूक, छातीत धडधड, म्हातारी माणसं गाव सोडून पळतात, हा कसला उत्सव! दुसरा म्हणतो, वर्षातून एकदा होतं, तेही खुपतं का? मग कुणीतरी मला ओढतो: "याला विचारा, परदेशात चालतं का असलं?" २०२५ मध्ये सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हणून जाहीर केलं आणि त्याच वर्षी पुण्याची मिरवणूक बत्तीस तासांच्या वर गेली. तेव्हापासून तर रोजच विचारणा.

चालतं. मी डोळ्यांनी बघून आलोय.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुट्टीत आम्ही स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मालागाला गेलो. मुलांना ऊन हवं होतं, बायकोला समुद्र. तो आठवडा म्हणजे तिथली 'सेमाना सांता', ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांचा उत्सव, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खोलीचं भाडं बघूनच खरं तर कळायला हवं होतं. टॅक्सीवाल्याने आम्हाला जुन्या शहराच्या बरंच अलीकडे उतरवलं, पुढे रस्ते बंद. बॅगा ओढत निघालो तर आमची गल्ली समोर दिसतेय आणि मधून मिरवणूक चाललेली. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता ओलांडायचा प्रयत्न ज्याने केलाय, त्याला पुढचं सांगायला नको. दोन मुलं आणि तीन बॅगा घेऊन आम्ही दीड तास एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. त्या पायरीवर मी ग्रुपवरच्या भांडणाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

आधी तिथली व्यवस्था सांगतो. स्पेनच्याच सेव्हिया शहरात ज्याला 'पासो' म्हणतात त्याला मालागात 'त्रोनो' म्हणतात, म्हणजे सिंहासन. चांदी-सोन्याच्या नक्षीचा प्रचंड चौथरा, वर मूर्ती, मेणबत्त्या, फुलं. मोठ्या त्रोनोचं वजन काही टनांत असतं. चाकं नाहीत, इंजिन नाही. पुढेमागे लांबच लांब दांडे निघालेले आणि त्यांच्याखाली दोनशेच्या वर माणसं खांदा देऊन उभी. पुढे घंटा असते. ती वाजली की उचलायचं, वाजली की टेकवायचं. थोडी पावलं झाली की विश्रांती. सगळे एकाच लयीत डोलत चालतात, त्यामुळे मूर्ती चालतेय असं वाटतं. सोमवारी संध्याकाळी आम्ही 'एल काउतिवो' पाहिला, बंदिवान ख्रिस्त, पांढऱ्या झग्यातला, हात बांधलेले. वाऱ्याने तो झगा हलला आणि माझ्या शेजारच्या आजीबाईंनी घरचं माणूस दिसावं तसा हात हलवला. त्याच्या मागे नवस बोललेल्यांची न संपणारी गर्दी होती, काही अनवाणी. मला पंढरीची वाट आठवली, लक्ष्मी रस्ता नाही.

आता ग्रुपवरच्या शिस्तप्रेमी मंडळींना न आवडणारा भाग. मिरवणुका मध्यरात्रीनंतरही चालूच असतात. ढोल आणि तुताऱ्यांचा आवाज काही कमी नसतो. आमची धाकटी पहिल्या रात्री घाबरून उठली. मुख्य मार्गावर खुर्च्या मांडून त्या भाड्याने दिलेल्या असतात, आणि सामान्य मालागाकर पाठीमागून टाचा उंचावून बघतो. म्हणजे 'तिकडे लोक दहाला झोपतात आणि देव घरात ठेवतात' ही जी काही कल्पना आहे ती मोडीत काढा.

फरक मला दोन ठिकाणी दिसला. एक म्हणजे लाऊडस्पीकर नाही. बँड वाजतो तो माणसांच्या फुप्फुसांवर आणि मनगटांवर. तो थांबला की गल्लीत खरोखर शांतता होते, इतकी की खांदेकऱ्यांची पावलं घासलेली ऐकू येतात. अशाच एका थांब्यात वरच्या बाल्कनीतून एका बाईने 'साएता' सुरू केला. साथ नाही, माइक नाही, मूर्तीकडे बघून गायलेली आर्त तान. हजारभर माणसं गप्प. लेक म्हणाली, "बाबा, आपल्याकडे हिचा आवाज ऐकूच आला नसता." मी काही बोललो नाही.

दुसरा फरक वजनाचा. खांद्यावर टनभारांचं ओझं असेल तर चौकात दोन तास कोण अडून राहील? रेंगाळलं की खांदा दुखतो, आणि वेळापत्रक हा पोलिसांचा नाही, स्वतःच्या हाडांचा प्रश्न होतो. आपण देवाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसवलं. ट्रॅक्टर थकत नाही, जनरेटर थकत नाही. मग मिरवणूक कुणासाठी पुढे सरकेल?

'त्यांची संस्कृतीच वेगळी' असंही म्हणता येत नाही. पूर्वी तिथलेही त्रोनो पैसे घेऊन उचलले जायचे, बहुतेक बंदरावरचे हमाल. सत्तरच्या दशकाच्या सुमारास ते परवडेना, तेव्हा कोफ्रादियांचे, म्हणजे तिथल्या मंडळांचे सभासद स्वतःच दांड्याखाली गेले. आज खांदा द्यायला मिळणं हा मान आहे. त्रोनो चर्चच्या दारातून जात नाहीत म्हणून भर रस्त्यात तात्पुरते तंबू ठोकायचे, त्याला 'तिंग्लाओ' म्हणत. आपला मांडवच! गेल्या काही दशकांत कोफ्रादियांनी उंच दारांच्या स्वतःच्या वास्तू बांधल्या आणि रस्ते मोकळे झाले. वेळा, मार्ग, क्रम हे सगळं ठरवते ती कोफ्रादियांनीच मिळून १९२१ साली काढलेली संघटना. मार्ग कायमचा कोरलेला नाही. २०१९ मध्ये त्यांनी मुख्य मार्ग बदलला, त्यावरही वाद झालाच. आपल्याकडे हाच प्रश्न कोर्टात जातो. २०२४ मध्ये हरित लवादाने ढोल-ताशा पथकात तीसच जण ठेवा म्हटलं, सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि मंडळांनी आपसात काय ठरवलं? माझ्या तरी कानावर काही नाही.

तुलनेत एक लबाडी आहे, ती मी लपवत नाही. तिथं चाळीसच्या वर कोफ्रादिया आठवडाभरात विभागलेल्या आहेत, दिवसाला सहा-सात. आपण शेकडो मंडळं एकाच अनंत चतुर्दशीला त्याच रस्त्यांवर आणतो. मालागाकरांनाही ते जमलं नसतं. आणि ढोलपथकांत पुण्याच्या मुली ज्या संख्येने आणि ज्या ताकदीने असतात, त्या बाबतीत आपण पुढे आहोत. तिथं बायका काही त्रोनोंनाच खांदा देताना दिसल्या.

शिवाय कसबा आणि तांबडी जोगेश्वरी हे मानाचे गणपती अजूनही पालखीतच निघतात. आपल्या मिरवणुकीचं तोंड खांद्यावर आहे, शेपूट तेवढं ट्रॉलीवर.

मुलांना यातलं काही आठवत नाही. त्यांना आठवतात मीठ लावून खाल्लेले जाड सालीचे लिंबू, जे त्या आठवड्यात तिथं हातगाडीवर मिळतात, आणि मेणाचा गोळा. टोकदार टोपीतले नासारेनो, म्हणजे मिरवणुकीतले व्रतस्थ भाविक, मोठ्या मेणबत्त्या घेऊन चालतात. तिथली पोरं चंदेरी कागदाची गोळी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहतात. नासारेनो खाली वाकतो, मेणबत्ती तिरकी करतो, चार थेंब पडतात. पोरं ती गोळी दरवर्षी वाढवत नेतात. आमच्या धाकटीच्या शेजारी एक मुलगा संत्र्याएवढा गोळा घेऊन उभा होता. त्याने आपल्या कागदाचा तुकडा फाडून हिला दिला आणि हात कसा धरायचा ते दाखवलं. आमचा गोळा सुपारीएवढा झाला. तो आता फ्रिजवर आहे.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग मंडळाचा सध्याचा अध्यक्ष, माझा शाळेतला मित्र, याने लिहिलं: "कल्पना चांगली आहे. ट्रॉली सोडू, पालखी करू. तू सप्टेंबरात येतोस का खांद्याला?"

मी रजेचं बघतोय.