माळ्यावरची भातुकली मुलांच्या हातात देण्याआधी

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक खाली उतरते आणि तिच्यातून पणजीची पितळी भातुकली, पत्र्याची आगगाडी, रंग उडालेली लाकडी बाहुली, चिनी मातीची बरणी असं काय काय निघतं. नाशिकमध्ये तर हे घरोघरी. भांडी बाजाराचं आणि तांबट आळीचं गाव आहे हे, तांब्या-पितळेशिवायचं जुनं घर शोधून सापडणार नाही. त्यात जुने वाडे उतरवले जाताहेत. त्यांची दारं, आरसे, समया गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारापासून नव्या फ्लॅटच्या बैठकीपर्यंत फिरताहेत.

मग मुलांच्या पोटात शिसं जाऊ नये म्हणून कुणीतरी ऑनलाइन 'लेड टेस्ट किट', म्हणजे शिसं तपासायचं किट मागवतं. बोळक्यावर कापसाची काडी फिरवतात, ती गुलाबी होत नाही, आणि बोळकी नातीच्या हातात जातात. माझा आक्षेप नेमका इथे आहे. हे किट शिसं असल्याचं सांगू शकतं. शिसं नाही असं सांगण्याची त्याची कुवतच नाही, आणि लोक ते नेमकं त्याच कामासाठी वापरतात.

आकडे बघा. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नसावं असा नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, घरांतल्या रंगासाठी ज्या काड्यांना मान्यता दिली, त्यांची कसोटी 5000 पीपीएमला लावली होती. म्हणजे 90 च्या पन्नासपटीहून जास्त. एखाद्या खेळण्यात 2000 पीपीएम असेल तर काडी पांढरीच राहू शकते, आणि घरातले निर्धास्त होतात.

याच तारखेतून आणखी एक गोष्ट निघते. आपण 'जुनं' म्हणजे आजोबांच्या काळातलं समजतो. शिशाच्या बाबतीत 2017 च्या आधी रंगवलेलं सगळंच जुनं. खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) मानक सक्तीचं झालं ते 1 जानेवारी 2021 पासून. 2012 साली जत्रेतून आणलेला पिवळाधमक ट्रकसुद्धा याच यादीत येतो.

किट वापरू नका असं मी म्हणत नाही. पण नीट वापरा. वस्तू साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. न दिसणारी जागा निवडा आणि ब्लेडने तिरपी खाच पाडा, अशी की खालच्या लाकडापर्यंत किंवा पत्र्यापर्यंत सगळे थर उघडे पडतील. वरचा रंग परवाचा आणि खालचा पन्नास वर्षांपूर्वीचा, हे जुन्या खेळण्यात नेहमीचं आहे. काडी अर्धा ते एक मिनिट घासा. रंग वस्तूवर बघू नका, कापसावर बघा. लाल रंगाची वस्तू असेल तर तिचाच रंग कापसाला लागतो आणि फसगत होते, म्हणून आधी नुसत्या ओल्या काडीने घासून बघा. पिवळ्या-केशरी रंगात शिसं बहुतेकदा क्रोमेटच्या रूपात असतं आणि ते सावकाश उतरतं. ती काडी फेकू नका, सकाळी पुन्हा बघा. जिप्सम-प्लास्टरची धूळ लागली असेल तर त्यातलं सल्फेट शिशाला धरून ठेवतं आणि काडी कोरी राहते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काडी कोरी राहिली तर ती तशीच सोल्डर वायरवर घासा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात साठ-चाळीसची वायर मिळते, तिच्यात चाळीस टक्के शिसं असतं. तिच्यावरही काडी गुलाबी झाली नाही तर तुमची काडी मेलेली आहे, आधीच्या निकालाला काही अर्थ नाही. मुदत संपलेल्या किटचं असंच होतं. वायर हाताळल्यावर हात धुवा.

नव्या प्रकारचा एक फवाराही मिळतो. त्यातलं रसायन शिशाशी जुळून असा पदार्थ बनतो जो 365 नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली हिरवा चमकतो. काडीपेक्षा हा कितीतरी संवेदनशील आहे. पण फवारण्याआधी वस्तू टॉर्चखाली बघून घ्या, काही रंग आणि प्लास्टिकं मुळातच चमकतात. यातही फक्त पृष्ठभागावरचं शिसं कळतं. त्यात अल्कोहोल असतं, लाखेच्या खेळण्याचा रंग त्याने सुटू शकतो. हातमोजे घाला आणि नंतर वस्तू धुवा.

आणि हे दोन्ही प्रकार फक्त शिशाचे. कॅडमियम, पारा, आर्सेनिक, अँटिमनी यांतलं काहीच त्यांना दिसत नाही. लाल, केशरी, पिवळ्या जुन्या एनॅमलमध्ये आणि प्लास्टिकमध्ये कॅडमियम सापडतं. आपल्या जुन्या रंगकामात हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड आणि हरताळ म्हणजे आर्सेनिकचं. वाड्यातल्या फार जुन्या आरशांच्या पाठीला कथील आणि पाऱ्याचा लेप असतो. पाठ करडी होऊन सुटत असेल, खालच्या कडेला चकाकणारे बारीक थेंब दिसत असतील, तर तो आरसा झोपायच्या खोलीत लावू नये आणि पाठ खरवडू तर मुळीच नये. देवघरातला शेंदूर तपासायचीही गरज नाही. खरा शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड, वजनाच्या नव्वद टक्के शिसं. ती डबी भातुकलीच्या ट्रंकेत सांडलेली असेल तर सगळ्याच वस्तू गुलाबी दाखवतील. आधी धुवा, मग तपासा.

खात्रीचं मोजमाप हवं असेल तर एक्सआरएफ. क्ष-किरण मारले की प्रत्येक धातू आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत देतो आणि यंत्र ते मोजतं. वस्तूला ओरखडाही येत नाही. नाशिककरांना हे यंत्र माहीत आहे, सराफ बाजारातलं कॅरेटमीटर म्हणजे हेच. म्हणून लोक बोळकं घेऊन सराफाकडे जातात. इथे सावध. ते यंत्र सोन्या-चांदीसाठी बसवलेलं असतं. त्याच्या धातूंच्या यादीत शिसं नसेल तर ते दाखवणारच नाही, उरलेल्या धातूंची बेरीज शंभर करून मोकळं होईल. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत माल तपासायला हातातली एक्सआरएफ गन वापरतात. तिच्यावर पितळ छान मोजता येतं, कारण ती धातूच्या मोडवर असते. पण त्याच मोडमध्ये लाकडी बाहुलीचा रंग मोजला तर आकडा भलताच येतो. रंगाला आणि प्लास्टिकला वेगळा मोड लागतो, तो आहे का हे विचारा.

मोजून घेताना प्रत्येक रंगाचं वेगळं रीडिंग घ्या, निदान अर्धा मिनिट. आकडा पीपीएममध्ये आणि अधिक-उणे फरकासकट लिहून घ्या. वस्तू यंत्राच्या किरण सोडणाऱ्या खिडकीपेक्षा लहान असेल तर किरण बाजूने निसटून मागच्या टेबलावर पडतात आणि टेबलाचा धातूही मोजला जातो. निकेलचा मुलामा असेल तर आतलं शिसं कमी दिसतं. शिसं भरपूर असेल तर यंत्राने दाखवलेल्या आर्सेनिकवर लगेच विश्वास ठेवू नका. दोघांच्या मुख्य रेषा 10.5 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास जवळजवळ एकमेकींवर येतात.

टक्के आणि पीपीएम यांची गफलत तर रोजची. एक टक्का म्हणजे 10,000 पीपीएम. यंत्रावर 'शिसं 2.1' वाचून लोक म्हणतात, दोनच तर आहे! ते 21,000 पीपीएम झालं. लहान मुलांच्या वस्तूंच्या धातूत अमेरिकेत 100 पीपीएमची मर्यादा आहे. पितळेत दोन-तीन टक्के शिसं ही भेसळ नसते, ओतकाम सोपं व्हावं आणि लेथवर कातकाम सुटसुटीत व्हावं म्हणून ते मुद्दाम घातलेलं असतं. म्हणून ठोकून केलेल्या पातळ पत्र्याच्या भांड्यात ते सहसा कमी, आणि ओतलेल्या-कातलेल्या वस्तूंत जास्त. भातुकलीतलं जातं, शेगडी, चुलीचे पाय, घंटा, चिमुकला खलबत्ता हे बहुतेक ओतीव. आणि नेमकं हेच मुलं तोंडात घालतात.

खेळण्यांच्या भारतीय मानकातही, म्हणजे आयएस 9873 च्या तिसऱ्या भागात, शिशाला 90 हाच आकडा आहे. पण अर्थ वेगळा. रंगाच्या नियमातला 90 म्हणजे रंगात एकूण किती. खेळण्याच्या मानकातला 90 म्हणजे पोटातल्या आम्लासारख्या पाण्यात किती उतरलं. नमुना खरवडून पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात 37 अंशांवर एक तास हलवतात, एक तास स्थिर ठेवतात आणि उतरलेला धातू मोजतात. कॅडमियमला मर्यादा 75, आर्सेनिकला 25, पारा आणि अँटिमनीला प्रत्येकी 60. त्यासाठी एकेका रंगाचा शक्यतो 100 मिलिग्रॅम खरवडा लागतो, 10 मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर चाचणीच होत नाही. आवडत्या बाहुलीचा चेहरा त्यात जाईल, हे आधी ठरवा. प्रयोगशाळेची एनएबीएल मान्यता (प्रयोगशाळांना मिळणारी राष्ट्रीय मान्यता) नेमक्या याच चाचणीसाठी आहे का, हेही विचारा. पाणी तपासायची मान्यता खेळण्याला चालत नाही.

बरणीचं तंत्र निराळं. तपकिरी-पांढरी जाड बरणी स्टोनवेअरची असते. ती खूप उष्णतेवर भाजलेली असल्यामुळे तिच्या झिलईला शिशाची गरज पडत नाही. काळजी आहे ती कमी भाजलेल्या, चकचकीत रंगीत झिलईच्या भांड्यांची. ओळखायला बुडाची झिलई नसलेली कडा बघा आणि तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा. चटकन शोषला तर भाजणी कमी आहे. अशा बरणीत लोणचं, कैरी, लिंबू, चिंच ठेवायची असेल तर आधी व्हिनेगरची चाचणी करा. बाटलीवर 4 टक्के असेटिक अॅसिड लिहिलेलं साधं पांढरं व्हिनेगर काठोकाठ भरा, झाका, अंधारात 24 तास ठेवा. मग ढवळून प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीत भरा. शेजारी त्याच व्हिनेगरची दुसरी, बरणीत न घातलेली बाटलीही द्या, नाहीतर शिसं व्हिनेगरमधलं की बरणीतलं हे कळणार नाही. 'चार टक्के असेटिक अॅसिडमध्ये शिसं आणि कॅडमियम, आयसीपी-एमएसवर' असं स्पष्ट सांगा; आयसीपी-एमएस म्हणजे धातूचा अगदी सूक्ष्म अंश मोजणारं यंत्र. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची, शिशाची मर्यादा कप आणि जगला लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम, बाकीच्या लहान खोलगट भांड्याला 2, मोठ्याला 1. आज पास झालेली बरणी तडकली, घासून झिलई उडाली की पुन्हा तपासायची.

कल्हईबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण पितळेवर कल्हई आहे म्हणजे झालं, असं सगळे धरून चालतात. कल्हई कथलाची असेल तर उत्तम. कथलात शिसं मिसळलं की ते स्वस्तही होतं आणि लवकर वितळतं, आणि मग तो थर थेट आमटीत. कथलाची कांडी वाकवली तर कुरकुरल्यासारखा आवाज येतो. शिसं गप्प वाकतं आणि कागदावर करडी रेघ उमटवतं. पण मिसळलेल्या कांडीवर कान आणि डोळे दोन्ही फसतात. त्यासाठी वजनकाटा वापरा. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा. कांडी दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल पण तळाला आणि काठाला टेकणार नाही अशी अधांतरी धरा. काटा जे दाखवेल ते कांडीचं आकारमान. 100 ग्रॅम शुद्ध कथील सुमारे 13.7 दाखवतं. 10 टक्के शिसं असेल तर 13.2, आणि 40 टक्के असेल तर 11.8 च्या आत. कांडीला बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो आणि भेसळ लपते, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. एखादा टक्का शिसं यात कळणार नाही, तो फरक पाच शतांश ग्रॅमचा असतो. पण 'कथील' म्हणून सोल्डर घासलं जात असेल तर ते इथेच उघडं पडेल. कल्हईवाल्या काकांना कांडी दोन मिनिटं मागितली तर बिघडत नाही. जो चोख कथील वापरतो तो हौसेने देतो.

जर्मनची म्हणजे अॅल्युमिनियमची पातेली, विशेषतः भंगार वितळवून ओतलेली, स्वयंपाकातून काढाच. 2025 मध्ये एफडीएने शिसं सुटणाऱ्या आयात भांड्यांबद्दल इशारा दिला, त्यात पितळ, अॅल्युमिनियम आणि हिंडालियम (अॅल्युमिनियमचा मिश्रधातू) तिन्ही होते.

आणि वाड्याची दारं. जुनं दार आणून टेबल करायचं म्हणून सुताराला सँडर मारायला सांगतात, तेही राहत्या घरात, पोरं शेजारच्या खोलीत. या सगळ्या लेखात मला सर्वात जास्त भीती याची वाटते. चाटलेल्या बोळक्यातून जाईल त्यापेक्षा कितीतरी जास्त शिसं एका दुपारच्या धुळीतून जाऊ शकतं. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, ब्लो टॉर्चने जाळू नका. काम घराबाहेर, खाली प्लास्टिक अंथरून, पाणी मारून, हाताने. नंतर झाडू नाही, ओलं फडकं. ती फडकी आणि पोपडे पिशवीत बांधून टाका. सुतारकाकांनाही चांगला मास्क द्या, ते हेच कपडे घालून घरी जातात आणि त्यांच्याही घरी लहान मुलं असतात.

तपासणीत काही सापडलं आणि मूल त्या वस्तूशी महिनोन्‌महिने खेळलेलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून शिरेतल्या रक्ताची लेड तपासणी करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅमला शिशाचा स्रोत शोधून तो बंद करावा. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी 2021 पासून 3.5 लाच लक्ष घालायला सांगते. लक्षणांची वाट बघू नका, या पातळीवर ती दिसत नाहीत.

भातुकली टाकून द्या असं मी कुणालाही सांगणार नाही. काचेच्या कपाटात वर मांडा, पुसायचं फडकं वेगळं ठेवा, हात लावल्यावर हात धुवा. मुलांना खेळायला स्टीलची बोळकी आणा. आणि जुन्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा: 'शिसं आहे, खेळायला देऊ नये', तपासल्याची तारीख आणि आकडा. वीस वर्षांनी ती ट्रंक दुसरंच कुणीतरी उघडणार आहे.