म्हणे तटस्थ देशात कसलं आलंय युद्ध!

युद्धकाळातल्या आयर्लंडवर प्रेमाची, ताटातुटीची कादंबरी आली की एक शेरा हमखास फिरतो: ‘दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ होता. ना बॉम्ब, ना टंचाई, ना कुणी लढायला गेलं. हे दुःख लंडनहून उसनं आणलंय.’ तटस्थ होता, हे खरं. बाकी सगळी ऐकीव माहिती.

आधी बॉम्ब. बेट एक, पण कारभार दोन. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, म्हणजे थेट युद्धात. एप्रिल १९४१ मध्ये, ईस्टरच्या मंगळवारी रात्री बेलफास्टवर हल्ला झाला. सुमारे ९०० माणसं गेली. सेंट जॉर्ज मार्केटात प्रेतं ओळीनं ठेवली होती. ओळख पटली नाही, तर जपमाळ सापडते का ते बघायचं. सापडली तर कॅथलिक, आणि त्यावरून दफनभूमी ठरायची. पहाटे तटस्थ दक्षिणेतले बंब सीमा ओलांडून मदतीला धावले. पुढच्याच महिन्यात, ३१ मे रोजी, खुद्द डब्लिनच्या नॉर्थ स्ट्रँडवर जर्मन बॉम्ब पडले, २८ मृत्यू.

टंचाईचं एका ओळीत सांगतो: चहाचं रेशन माणशी आठवड्याला अर्ध्या औंसावर, म्हणजे १४ ग्रॅमवर आलं होतं. आयरिश घरात!

‘लढायला कुणी गेलं नाही’ हा मुद्दा तर सपशेल खोटा. दक्षिणेतले हजारो जण ब्रिटिश सैन्यात भरती झाले. आयरिश सरकारला मात्र त्याचा बोभाटा नको होता, त्यामुळे सेन्सॉरची कात्री तयार. ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही युद्धनौका डिसेंबर १९४१ मध्ये बुडाली, तेव्हा ‘आयरिश टाइम्स’चा एक माजी कर्मचारी तीवर होता. तो वाचला. संपादक स्मायली यांनी बातमी छापली, पण कशी? गृहस्थ नौकाविहारातल्या अपघातातून बचावले! आपल्याला हसू येतं. पण ज्या घरी मरणाची तार आली, त्यांना शोकसुद्धा दबक्या आवाजात करावा लागला. कादंबरीकाराला याहून काय हवं? त्यात मार्च १९४४ मध्ये ब्रिटननं आयर्लंडशी प्रवास बंद केला, म्हणजे लंडनच्या कारखान्यातली मुलगी आणि कॉर्कमधला तिचा प्रियकर, दोघंही आपापल्या जागी अडकले.

आयरिश सैन्यातून पळून जाऊन ब्रिटिशांकडून लढलेले जवळपास ५,००० जण होते. त्यांना १९४५ मध्ये बडतर्फ करून सात वर्षं सरकारी नोकरीची दारं बंद केली. माफी मिळाली २०१३ मध्ये. तोवर त्यातले बहुतेक वारले होते.