झाकण लावलंय का?

ऑक्टोपस पाळणं म्हणजे खरं तर झाकण पाळणं. पाणी, मीठ, दगड, दिवे हे सगळं पैसे टाकले की मिळतं. झाकणाला मात्र माणूस लागतो. आमच्याकडे गॅस बंद केला का, दाराला कडी घातली का, असलं आता कोणी विचारत नाही. रात्री दिवे मालवताना एकच पृच्छा होते, "झाकण लावलंय का?"

मूळ मागणी कुत्र्याची होती. पण आम्ही सॅन डिएगोत भाड्याने राहतो आणि भाडेकरारात कुत्रा, मांजर, पक्षी, सरपटणारे प्राणी या सगळ्यांना मनाई आहे. 'माशांची टाकी चालेल' असं एक वाक्य तेवढं आहे. त्या वाक्यातून मुलीने जे काढलं ते पाहता तिला वकिलीला घालावं असं माझं मत आहे. कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावर सापडणारी 'टू-स्पॉट' नावाची ऑक्टोपसची जात असते. दोन्ही डोळ्यांखाली एकेक निळा ठिपका, आणि घरात ठेवायला त्यातल्या त्यात समजूतदार. त्या जातीचं, टाकीतच जन्मलेलं एक पिल्लू घरी आलं. 'अष्टभुजा' हे नाव आईने एका वाक्यात निकालात काढलं ("देवीचं नाव ठेवलंत तर मी इथे जेवायची नाही"), म्हणून मग बंडोपंत.

बंडोपंत येण्याआधी महिन्याहून जास्त काळ ती दोनशे लिटरची टाकी नुसतीच बुडबुडत होती. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू पाण्यात आधी रुजावे लागतात, तोवर त्यात कोणाला सोडता येत नाही. येणारे-जाणारे विचारायचे, "मासे कुठायत?" "अजून जीवाणू यायचेत" म्हटलं की लोक चहा न घेताच उठायचे. मग पाणी थंड ठेवायचं यंत्र आलं, कारण बंडोपंतांना अठरा-वीस अंशांच्या वर करमत नाही. उन्हाळ्यात आम्ही एसी परवडत नाही म्हणून खिडक्या उघडून बसतो आणि ते आतून आमच्याकडे बघतात. या जातीचं आयुष्य जेमतेम वर्ष-दोन वर्षांचं. "म्हणजे कमी दिवसांत सगळी हौस भागवून घेतोय," बायको विजेचं बिल बघत म्हणाली.

आई चिपळूणहून आली ती तांब्याचा तांब्या घेऊनच. रात्रभर त्यात ठेवलेलं पाणी सकाळी प्यायचं, हा तिचा नेम. टाकीतलं पाणी जरा उतरलेलं दिसलं म्हणून ती माउली तांब्या घेऊन निघाली आणि मुलगी अशी किंचाळली की बंडोपंत पांढरे पडले. ऑक्टोपसचं रक्त निळं असतं, कारण त्यात आपल्यासारखं लोखंड नाही, तांबं असतं. पण तेच तांबं पाण्यात विरघळलेलं असलं की त्याच्या जिवावर बेततं. आईला हे समजावायला वेळ लागेल असं वाटलं होतं. ती लगेच म्हणाली, "भाऊबंदकी म्हण की. रक्तात एकच, पण एका पाण्यात नांदायचे नाहीत."

खाणं हा वेगळा छळ आहे. त्यांना जिवंत चिंबोरी लागते, आम्हाला दुधी. चिंबोरी दिसली की बंडोपंत आधी गडद होतात, मग भुजांमधला पडदा पसरून तिच्यावर बसतात आणि बराच वेळ काहीच घडत नाही. बाजूला सरकतात तेव्हा खाली कवच असतं, आतून लख्ख. आई ते निरखून बघते. "ह्यांना जन्मभर इतकं स्वच्छ खाता आलं नाही," असं ती बाबांबद्दल म्हणाली, आणि पुढे हळूच, "रश्शाला चव असते हो असल्या बारक्यांची."

तर झाकण. या प्राण्याला हाड नाही. अंगात कडक अशी वस्तू म्हणजे चोच, आणि चोच फटीतून गेली की मागून सगळे पंत जातात. न्यूझीलंडमध्ये नेपियरच्या मत्स्यालयातला इंकी २०१६ साली झाकण किंचित उघडं राहिलेलं बघून बाहेर पडला, फरशी ओलांडली आणि पन्नास मीटर लांबीच्या सांडपाण्याच्या नळातून समुद्राला मिळाला. तो निदान आपला आपण गेला. आमच्या इथून जवळच, सँटा मोनिकाच्या मत्स्यालयात, २००९ साली याच टू-स्पॉट जातीच्या एका कन्येने झडप ओढून रातोरात दोनशे गॅलन पाणी जमिनीवर सोडलं. मुलीने हे मला कौतुकाने वाचून दाखवलं. मला खालच्या मजल्यावरचे शेजारी दिसू लागले.

तेव्हापासून झाकणाला चारी बाजूंनी क्लिपा, क्लिपांवर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर वरवंटा. बायकोने हौसेने भारतातून आणलेला हा वरवंटा अमेरिकेत प्रथमच कामाला लागला. रात्री पाणी प्यायला उठलो की दिसतं: एका भुजेचं टोक झाकणाच्या फटीवरून सावकाश चाललेलं असतं. भुजेवरची एक चोषक वाटी चिकटते, सुटते, पुढची चिकटते. घाई अजिबात नाही. यांच्या चेतापेशींतल्या दोन-तृतीयांश भुजांमध्येच असतात. म्हणजे तिकडे आठ जागी स्वतंत्र विचार चाललाय आणि इकडे आम्हा चौघांत मिळून एक वरवंटा.

गणपतीत मंडळातले लोक खास बघायला आले. बंडोपंतांनी रंग तर बदललाच, कातडीही दगडासारखी खडबडीत करून घेतली. एक काका काचेला नाक लावून बराच वेळ उभे राहिले आणि शेवटी "टाकी छान आहे" म्हणाले. मुलीने झाकण उघडून चिंबोरी सोडायला आणि काकांनी वाकायला एकच गाठ पडली. पाण्याची चिळकांडी थेट रेशमी कुर्त्यावर. "अरे, हा दगड थुंकतो!" काका ओरडले, आणि मग घरातली सगळी पोरं रांग लावून थुंकून घ्यायला उभी राहिली.

कंटाळलेला ऑक्टोपस सामान मोडतो, म्हणून त्याच्या बुद्धीला काम द्यावं लागतं. ते काम काय, तर फिरकीच्या झाकणाच्या बरणीत चिंबोरी घालून बरणी टाकीत सोडायची. ज्या घरात झाकण उघडू नये म्हणून वरवंटा ठेवलाय, त्याच घरात झाकण उघडण्याचा क्लास लावलाय. प्रगती उत्तम आहे. आता मुलगी झाकण घट्ट करून देते, तर ते आधी तिच्याकडे बघतात आणि मग उघडतात.

परवा जेवताना लोणच्याच्या बरणीचं झाकण माझ्याने निघेना. गरम पाणी झालं, फडकं झालं, बुडावर थापट्या झाल्या. आई काही बोलली नाही, नुसतं टाकीकडे बघितलं.

"तेल आहे त्यात," मी म्हटलं, "टाकीत चालणार नाही."

"हो ना," आई म्हणाली, "नाहीतर एव्हाना निघालं असतं."