गुणाकार करा, भागाकार टाळा

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लिफ्टशेजारी लागली की आपण एवढंच बघतो की शेवटी अल्पोपाहार आहे ना. यंदा विषयपत्रिका नीट वाचा. हिशेब मंजूर करणे, ऑडिटर नेमणे, टाकीची गळती, आणि गळती व पार्किंग यांच्यामध्ये अंग चोरून बसलेला सातवा विषय: 'सुरक्षारक्षकांच्या वेतनवाढीबाबत विचार करणे.' 'विचार करणे' हे शब्द घालणारा सेक्रेटरी मुरलेला गडी आहे, त्याची चिंता नको. चिंता तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कॉलेजात शिकवणाऱ्या मुलीची. ती दरवर्षी काहीतरी वाचून येते. गेल्या वर्षी तिच्यामुळे सभा चाळीस मिनिटं लांबली आणि समोसे गार झाले.

म्हणून ही थोडी तयारी करून जा. मी अशा अकरा सभांना बसलोय आणि अकराही वेळा हात मांडीवरून न हलवता घरी आलोय, तेव्हा सल्ला अनुभवी माणसाचा आहे.

सुरुवात महागाईने करा. वॉचमनचा विषय निघायच्या आधी स्वतःचा काढायचा. मुंबईत टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी 2025 पासून 28 चं 31 झालं. त्याच वर्षी मे महिन्यात बेस्टने 5 रुपयांचं तिकीट 10 ला नेलं, एसी बसचं 6 चं 12. मेंटेनन्स महिना 7,500 च्या वर गेला तर त्यावर जीएसटीची टांगती तलवार. हे सगळं आवाज जरा कापरा ठेवून सांगा, लोक माना डोलावतील. फक्त एक पथ्य पाळा, महागाईला लॉबीच्या बाहेर जाऊ देऊ नका. ती एकदा गेटवरच्या केबिनपर्यंत पोचली की पंचाईत. कारण तो माणूस त्याच 10 रुपयांच्या बसने येतो आणि तेलही त्याच भावाने घेतो. महागाई हा फ्लॅटधारकांना होणारा आजार आहे, मधुमेहासारखा. खालच्या लोकांना तो होत नाही, ते कष्टाचं खातात.

कोणी म्हणेल, मार्च 2025 मध्ये खासदारांचा पगार 1 लाखाचा 1 लाख 24 हजार केला, तोही महागाईच्या निर्देशांकाला जोडून आणि दोन वर्षं मागच्या तारखेपासून. तेव्हा कुणी म्हटलं नाही की आता परवडत नाही, थोडे खासदार कमी करू. यावर काही बोलू नका. पाण्याचा ग्लास उचला.

आता मुख्य गोष्ट, गणित. समजा, आपल्या टॉवरमध्ये 120 फ्लॅट आहेत आणि चार रक्षक. पीएफ आणि एजन्सीचं कमिशन धरून माणशी 3,000 रुपये वाढवायचे म्हटले, तर महिन्याला झाले 12,000. इथे थांबायचं नाही. बाराने गुणा, 1,44,000. पाच वर्षांचं काढा, 7,20,000. सात लाख वीस हजार! हा आकडा उभं राहून, चष्मा काढून सांगायचा. मागच्या रांगेतून 'बापरे' आलंच पाहिजे. नाही आलं तर बायकोला आधी सांगून ठेवा. त्या पैशात लॉबीला इटालियन मार्बल बसेल, असंही जोडता येतं. (बसत नाही, मी कोटेशन पाहिलंय. पण कोण विचारतो?)

भागाकार मात्र कोणाला करू देऊ नका. 12,000 ला 120 ने भागलं की फ्लॅटमागे महिन्याला 100 रुपये निघतात. दिवसाला तीन रुपये तेहेतीस पैसे. एवढ्यात कटिंगही येत नाही. ही भयंकर माहिती सभेत फुटली तर सगळा डाव उलटेल. ती तिसऱ्या मजल्यावरची मुलगी मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडताना दिसली, तर ताबडतोब चेअरमनकाकांना म्हणा, "काका, फोन सायलेंटवर ठेवायचं ठरलं होतं ना?"

पैशावर वाद हरतोय असं दिसलं की कनवाळू व्हा. 'पगार वाढवला तर माणसं कमी करावी लागतील हो, शेवटी गरिबाच्याच पोटावर पाय येईल.' या वाक्याला तोड नाही. ज्याला तुम्ही वाढ नाकारताय त्याच्याच कळवळ्याने नाकारताय, आणि डोळे ओलावले तर दुधात साखर. दहाव्या मजल्यावरच्या एमबीए झालेल्या भाच्याला जवळ बसवा, तो मागणी-पुरवठ्याची आकृती हवेत काढून दाखवेल. अडचण एकच आहे. 1992 साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने किमान वेतन तासाला 4.25 डॉलरवरून 5.05 केलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघांनी तिथली बर्गरची दुकानं आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातली दुकानं ताडून पाहिली, आणि नोकऱ्या घटल्याचं त्यांना काही दिसलं नाही. त्यावर अर्थतज्ज्ञांची पुढे बरीच हमरीतुमरी झाली, पण कार्ड यांना 2021 चं नोबेल मिळालं. मुलीने हे काढलंच तर भाच्याने म्हणायचं, 'ते अमेरिकेत! आपल्याकडे कसं चालेल?' हवेतली आकृतीही अमेरिकेच्याच पुस्तकातली आहे, याकडे दुर्लक्ष करा. आकृत्या परदेशातून आणलेल्या चालतात, पुरावे स्थानिक लागतात.

मग मुद्दा येईल की किमान म्हणजे तरी किती? हा धोक्याचा आहे, कारण याचं उत्तर सरकारदरबारी लिहून ठेवलंय. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने हिशेब घालून दिला: नवरा-बायको आणि दोन मुलं मिळून तीन मोठ्या माणसांएवढं खाणं, माणशी 2,700 कॅलरी, वर्षाला चौघांना 72 वार कापड, घरभाडं, वर सरपण-दिवाबत्ती आणि किरकोळीला वीस टक्के. माणशी 18 वार, म्हणजे बरोबर दोन नऊवारी. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के घालायला सांगितलं. म्हणजे मजुरालाही आजार होतो आणि त्याचीही पोरं शाळेत जातात, हे कळायला मधे चौतीस वर्षं गेली. आपल्या सातव्या विषयाला दोन सभा गेल्या तर काय बिघडलं?

पुढची गंमत ऐका. 2019 च्या सरकारी समितीने कॅलरी 2,700 वरून 2,400 वर आणल्या. आपण जिममध्ये हजारो रुपये मोजून कॅलरी कमी करतो, त्यांच्या परस्पर कमी झाल्या. एवढ्या कमी जेवणावरही समितीचा आकडा दिवसाला 375 रुपये निघाला. तेव्हा देशपातळीवरचा तळाचा दर होता 176. मग सरकारने मन मोठं करून 178 जाहीर केला. दोन रुपये! आपल्या सभेने हा आदर्श समोर ठेवायला हरकत नाही.

आपल्या राज्याचे दर याहून बरे आहेत, जानेवारी आणि जुलैत त्यावर विशेष भत्ताही बदलतो, हे सगळं खरं. पण घाबरू नका. दर कागदावर असतो आणि वॉचमन गेटवर. मधे एजन्सी असते. एजन्सी ही एक अद्भुत वस्तू आहे. तिच्या बिलात किमान वेतन, भविष्यनिर्वाह, गणवेश, बदली माणूस सगळं व्यवस्थित दिसतं, आणि माणसाच्या हातात पडेपर्यंत त्याला कुठेतरी चाळण लागते. तुम्ही विचारायचं नाही. बारा तासांच्या ड्युटीला 'ड्युटी' म्हणायचं आणि बदली माणूस आला नाही म्हणून तो चोवीस तास उभा राहिला तर 'डबल ड्युटी'. ओव्हरटाइमला दुप्पट दर, असं कायदा म्हणतो. आपण डबल म्हणतो, ते तासांना. 1981 साली राज्याने खासगी सुरक्षारक्षकांसाठी खास कायदा केला, त्याखाली मंडळं झाली. तिथून रक्षक घेऊ या असं कुणी सुचवलं तर म्हणा, 'ते महाग पडतात.' का महाग पडतात, याची चर्चा सभेत नको.

वॉचमनवरून गाडी घरातल्या मावशींवर यायला वेळ लागत नाही, म्हणून तिकडचीही नाकेबंदी करून ठेवा. इथे तर आपली बाजू फारच भक्कम आहे, कारण आपण पगार देत नाही, नातं देतो. धुणीभांडी करणारी बाई म्हणजे नोकरी आली, नोकरी म्हटली की दर आला, सुट्टी आली. मावशी म्हटलं की सगळं घरातलं. मावशीला कुणी किमान वेतन देतं का? जुनी साडी देतो, कालची भाजी देतो, दिवाळीला मिठाईचा पुडा देतो (तो आपल्याला कुणीतरी दिलेला असतो, पण भावना महत्त्वाची). खाडे मात्र वहीत लिहून ठेवा. नात्यात हिशेब चोख असावा. शिवाय राज्याने 2008 मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केलेला आहेच. त्यात अपघात, बाळंतपण, मुलांचं शिक्षण यांना मदत आहे, अंत्यविधीच्या खर्चाचीसुद्धा सोय आहे. एका तासाच्या भांड्यांचे किती, एवढंच तेवढं त्यात नाही.

आता सगळ्यात नाजूक जागा, तुमच्या आजोबांचा फोटो.

आपला टॉवर लालबागला आहे, चाळ पाडून झालेला. निम्म्या सभासदांच्या हॉलमध्ये एक कृष्णधवल आजोबा आहेत आणि ते कुठल्या ना कुठल्या गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, त्यात ते होते. मागणी कशाची होती? पगारवाढीची. तेव्हाही मालक म्हणत होते की परवडत नाही, गिरण्या तोट्यात आहेत. बरेच जण त्यानंतर परत आत गेलेच नाहीत. कुणी गावी गेला, कुणी भाजीची गाडी लावली. आजीने खानावळ चालवली, पोळ्या लाटल्या, आणि कुणाकुणाच्या आजोबांनी तर, हे घरात फारसं बोलत नाहीत, नंतर वॉचमनची नोकरी धरली.

याचा उपयोग नीट करा. संपाच्या आठवणी सांगायला 1 मे राखून ठेवा. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच दिवशी येतात, ही मोठी सोय आहे. सकाळी झेंडावंदन, दोरी बांधायला वॉचमन, मग तुमचं भाषण: 'माझे आजोबा लढले.' टाळ्या. तो भोंगा, ती तीन पाळ्यांची चाळ, ते कापसाचे कण, सगळं सांगा, गळा दाटू द्या. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1890 साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, हेही सांगा. आपली सभा रविवारी असते ती त्यांच्याच कृपेने. गेटवर त्या दिवशीही कुणीतरी उभा असतो, पण तो गिरणीत नाही.

ती मुलगी एक शेवटचा दगड ठेवणीत ठेवते. आजोबा संपावर घरी बसले होते त्याच 1982 मध्ये, सप्टेंबरात, सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या, म्हणजे दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या, बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे घटनेच्या 23 व्या कलमातली वेठबिगारी. गेल्या वर्षी तिने हे वाचून दाखवलं तेव्हा क्षणभर हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज होता. मीही पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो. सुदैवाने पहिल्या मजल्यावरच्या अण्णांनी पार्किंगचा विषय काढला, 'माझ्या जागेत कोणाची स्कूटर असते?' आणि सभा माणसात आली. अण्णांच्या शेजारची खुर्ची पकडा. असा माणूस लागतो.

ठराव काय करायचा, तोही सांगतो. विरोध करू नका, विरोधात मत पडलं की इतिवृत्तात नाव येतं. 'तत्त्वतः मान्य' म्हणा. मग तीन सभासदांची उपसमिती नेमा. तिने इतर सोसायट्यांचे दर मागवावेत आणि पुढच्या सभेत अहवाल द्यावा. इतर सोसायट्यांनीही आपले दर मागवलेले असतात. तोवर दिवाळीला माणशी 500 रुपये आणि एक स्वेटर मंजूर करा. मुंबईत स्वेटर कशाला, असं विचारणाऱ्याने कधी रात्रपाळी केलेली नाही.

मग समोसे. ताटल्या वाटायला, नंतर गोळा करायला वॉचमनलाच वर बोलवा. त्याचं खरं नाव काहीही असो, बहादूर म्हटलं की तो येतो. एक समोसा त्यालाही द्या, कागदात बांधून, खाली जाऊन खा म्हणावं. आणि खुर्च्या त्याच्याकडून मोजून घ्या. गेल्या वर्षी पन्नासात एक कमी भरली होती. तासभर शोधाशोध झाली, सीसीटीव्ही बघून झाला. शेवटी ती गेटवर सापडली, तो तिच्यावर बसला होता.