वीस ओळी झाल्या की क्लास? कोणी सांगितलं?

पायथन या प्रोग्रामिंग भाषेबद्दलचा एक मेसेज इंदूरच्या मराठी पोरांच्या ग्रुपांवर फिरत फिरत आता माझ्या भाचीच्या वहीत उतरलाय, म्हणून लिहितोय. त्यात तीन गोष्टी ठोकून सांगितल्यात: फंक्शन (एक काम करणारा कोडचा तुकडा) वीस ओळींच्या वर गेलं की त्याचा क्लास (डेटा आणि त्यावरची फंक्शनं एकत्र बांधणारा साचा) करा, क्लासमुळे कोड वेगाने चालतो, आणि क्लासमध्ये डेटा आपोआप सुरक्षित राहतो.

तिसरी गोष्ट आधी घेतो, कारण खरं नुकसान तिथे आहे. सराफ्यातल्या नमकीनच्या दुकानाचं बिल घ्या. पाव किलो शेव, भाव २४० रुपये किलो. फंक्शनला वजन आणि भाव दिला की ६० रुपये. दहा वेळा विचारा, ६०च. आता 'बिल' नावाचा क्लास केला, सेल्फ.एकूण (म्हणजे त्या बिलाचं स्वतःचं एकूण) शून्यावर ठेवलं आणि 'काढा' ही मेथड, म्हणजे क्लासमधलं फंक्शन, त्यात रक्कम मिळवते. त्याच ऑब्जेक्टवर (क्लासच्या साच्यातून बनलेल्या एका बिलावर) 'काढा' पुन्हा चालवलं की १२०! याहून वाईट म्हणजे 'माल = []' ही रिकाम्या यादीची ओळ थेट क्लासच्या अंगात लिहिणं. ही यादी सगळ्या ऑब्जेक्टांत मिळून एकच असते. अपेंड केलं, म्हणजे यादीत भर घातली, की पहिल्या गिऱ्हाइकाची शेव दुसऱ्याच्या बिलात. ती इनिटमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमध्ये) सेल्फ.माल म्हणूनच बनवायला हवी. डेटाक्लास (मुख्यतः डेटा ठेवायचा क्लास, पायथन ३.७ पासून) निदान अडवतो: टाइप लिहून रिकामी यादी डिफॉल्ट दिली की व्हॅल्यूएरर ही चूक दाखवून थांबतो, तिथे फील्डला डिफॉल्ट_फॅक्टरी=लिस्ट द्यायचं. यात आपोआप काहीही होत नाही.

वेगाचं तर सरळ खोटं आहे. ऑब्जेक्ट बनवणं आणि इनिट चालवणं, हे काम वाढतंच.

वीस ओळींचं म्हणाल, तर लांबलेल्या फंक्शनची तीन छोटी फंक्शनं करा. २०१२च्या पायकॉनमध्ये, म्हणजे पायथनवाल्यांच्या परिषदेत, जॅक डीडरिक या प्रोग्रामरने दिलेली कसोटी अजून पुरते: क्लासमध्ये दोनच मेथड आणि त्यातली एक इनिट, तर तो क्लास नव्हे, फंक्शनच आहे. नुसता भाव बांधून ठेवायचा असेल तर पायथनसोबतच येणाऱ्या फंक्टूल्समधलं पार्शल आहे, ते फंक्शनची एखादी किंमत आधीच भरून ठेवतं.

एक मात्र कबूल करावं लागतं, क्लास लागतो तिथे लागतोच. त्याच दुकानाचं उधारीचं खातं पाहा. आजची शिल्लक उद्या लागते. 'जमा', 'नावे', 'उतारा' ही तिन्ही फंक्शनं तेच नाव, तीच शिल्लक, तीच मर्यादा एकमेकांकडे देत बसली असतील, तर क्लास कराच, आणि मर्यादा ओलांडली की 'नावे' या मेथडनेच नकार द्यावा. मग तो क्लास बाराच ओळींचा का होईना.